वीस रुपयांवरचे वेरूळ, वीस युआनवरची नदी

(मुदखेड येथील व्याख्यानमालेत ‘चीनमधील प्रसिद्ध ऐतिहासिक व नैसर्गिक स्थळे’ या विषयावर दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय जाहीर झाला, त्याच दिवशी एका ज्येष्ठ स्नेह्यांचा मला दूरध्वनी आला. म्हणाले, “अहो, ज्यांनी आपली भूमी बळकावली, त्यांच्या देशातली प्रेक्षणीय स्थळे तुम्ही मुदखेडला येऊन सांगणार? तेही मुदखेडला?” त्यांच्या त्या ‘तेही’मध्ये बराच अर्थ भरलेला होता. आपल्या गावात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात जे दहा जवान धारातीर्थी पडले, ते याच दलाचे होते. त्यांच्याच स्मृतीसाठी २१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. १९६२ आणि २०२० चे गलवान, काहीच विसरण्यासारखे नाही. मी ते विसरून येथे उभा नाही, आणि तुम्हीही विसरावे असे म्हणणार नाही.

पण शेजाऱ्याशी भांडण आहे म्हणून त्याच्या घराकडे पाहायचेच नाही, हा शहाणपणा नव्हे. शिवाय त्याच्या घरात आपल्या आजोबांच्या हातची काही भांडी ठेवलेली असतील, तर तिकडे पाहावेच लागते. आज मी मुख्यतः त्या भांड्यांविषयी बोलणार आहे.

सुरुवात मात्र खिशापासून करू. ही पाहा आपली वीस रुपयांची नवी नोट. २०१९ साली ती चलनात आली. तिच्या मागच्या बाजूस काय आहे? मागच्या बाकावरील मुलांनी बरोबर सांगितले, वेरूळची लेणी! आपल्या मराठवाड्याचे वेरूळ. आता ही दुसरी, चीनची वीस युआनची. हिच्यावर ग्वेइलीनजवळची ली नदी आहे. चुनखडीचे उंच, निमुळते सुळके आणि त्यांच्यामधून वाहणारे शांत पाणी. आपल्याकडचा डोंगर काळ्या बसाल्टचा, माथ्यावर सपाट. तिकडचा डोंगर चुनखडीचा, लाखो वर्षांच्या पावसाने विरघळत गेलेला, म्हणून असा टोकदार. शिंगपिंग नावाच्या गावी नदीकाठी एक ठरावीक जागा आहे. तेथे मी एक गंमत पाहिली. आलेला प्रत्येक चिनी पर्यटक खिशातून वीस युआनची नोट काढतो, हात लांब करून डोळ्यांसमोर धरतो, नोटेवरचा डोंगर आणि समोरचा डोंगर जुळवून पाहतो आणि मगच छायाचित्र काढतो. त्यांच्या इतर नोटांवरही अशीच स्थळे आहेत. एक युआनवर हांगचौचे पश्चिम सरोवर, पाचवर ताइशान पर्वत, दहावर यांगत्से नदीची खिंड आणि पन्नासवर ल्हासाचा पोताला राजवाडा. या पन्नासच्या नोटेपाशी भारतीय माणसाचे मन क्षणभर अडखळते, आणि अडखळावेच. ज्यांच्या धर्मगुरूंचे ते निवासस्थान, ते दलाई लामा १९५९ पासून आपल्या देशात आश्रयाला आहेत.

वेरूळला जाऊन वीस रुपयांची नोट समोर धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हे मी चिनी लोकांच्या कौतुकासाठी सांगत नाही. पुढे एका कामासाठी ही गोष्ट लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

२०१९ च्या शरद ऋतूत, करोनाच्या थोडेच आधी, आम्ही काही पत्रकार मित्र स्वखर्चाने तीन आठवडे चीनमध्ये फिरलो. चीन म्हटले की प्रत्येकाला आधी भिंत आठवते. ही भिंत म्हणजे एका राजाने बांधलेली एक सलग भिंत नव्हे. दोन हजार वर्षांत वेगवेगळ्या राजवटींनी बांधलेल्या अनेक भिंती मिळून तिला हे नाव आहे. २०१२ साली जाहीर झालेल्या मोजणीनुसार सर्व काळातल्या भिंती, खंदक आणि बुरूज मिळून लांबी २१,१९६ किलोमीटर भरते. आपण छायाचित्रांत पाहतो ती बहुतेक मिंग राजवटीची, म्हणजे चौदाव्या ते सतराव्या शतकातली. ती चंद्रावरून दिसते असे आपण शाळेत ऐकले. ते खरे नाही. चीनचाच पहिला अंतराळवीर यांग लिवेइ २००३ मध्ये परतला आणि त्याने भिंत दिसली नाही असे प्रांजळपणे सांगितले. मला त्या भिंतीवर चढताना आठवण झाली ती वेगळ्याच गोष्टीची. १६४४ साली मांचू सैन्य आत आले, ते भिंत फोडून नव्हे. शानहाय येथल्या दरवाजाच्या सेनापतीने, वू सानक्वेइने, त्यांच्याशी हातमिळवणी करून दरवाजाच उघडला. आपल्याकडे गडकोटांचा इतिहास वाचणाऱ्याला यात नवे काही नाही. किल्ला दगडाने नव्हे, किल्लेदाराने राखला जातो. आपल्या मराठा गडांपैकी बारा गड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा मला हा शानहायचा दरवाजा पुन्हा आठवला.

बीजिंगहून आम्ही वेगवान गाडीने लोयांगकडे निघालो. वाटेत शिज्याझुआंग स्थानक लागते. गाडी तेथे अगदी थोडा वेळ थांबते. आम्ही उठून दारापाशी गेलो आणि शहराच्या दिशेने हात जोडले. शेजारच्या चिनी प्रवाशांना नवल वाटले असावे. त्या शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आपल्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आहे आणि पुतळाही आहे. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनला मदत म्हणून १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी अखेरीस तिकडच्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले होते. या सभागृहातल्या अनेकांना, आणि मलाही, तो मार्ग मान्य नाही. पण रणभूमीवर जखमींवर अहोरात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टराचा पक्ष विचारून मग त्याला नमस्कार करायचा, असे आपल्या संस्कारांत नाही. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, म्हणून आपल्याला ते नाव माहीत तरी आहे. परक्या भूमीत ज्याची समाधी लोक झाडून-पुसून ठेवतात, असा हा मराठी माणूस.

लोयांगला श्वेताश्व मंदिर आहे. परंपरा अशी की इसवी सन ६८ मध्ये, हान सम्राट मिंग याच्या निमंत्रणावरून, काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भारतीय भिक्षू पांढऱ्या घोड्यांवर ग्रंथ लादून येथे पोहोचले. चीनमधले पहिले बौद्ध मंदिर म्हणून त्याची ख्याती आहे. महाद्वाराबाहेर दगडी घोडे उभे आहेत आणि आत, आवारातच, त्या दोघा भिक्षूंच्या समाध्या आहेत. गवत उगवलेले गोल उंचवटे, बस्स. आपल्याकडे या दोघांची नावे किती पदवीधरांना सांगता येतील? मला स्वतःला तेथे जाईपर्यंत सांगता आली नसती. कला शाखेची पदवी पदरी असून! त्याच परिसरात सांचीच्या धर्तीवर भारत सरकारने बांधून दिलेले एक मंदिर आहे. मे २०१० मध्ये त्याचे उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. म्हणजे एकोणीसशे वर्षांनी पुन्हा एक भारतीय पाऊल त्या अंगणात पडले आणि ते मराठी होते.

शिआन हे जुने चांगआन. मातीचे सैनिक पाहायला जग तेथे लोटते. मार्च १९७४ मध्ये दुष्काळाने गांजलेले काही शेतकरी तेथे विहीर खणत होते. पाण्याऐवजी मातीचे मुंडके लागले. मराठवाड्यातल्या माणसाला हे वाक्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला आहे, त्यांना विहीर खणणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललेले असते ते ठाऊक आहे. त्या शेतकऱ्यांना पाणी हवे होते आणि निघाली दोन हजार वर्षांपूर्वीच्या छिन सम्राटाची सेना. सुमारे आठ हजार सैनिक असावेत, असा अंदाज आहे. प्रत्येकाचा चेहरा निराळा. मूळचे रंगवलेले होते, परंतु उघड्या हवेत आल्यावर काही मिनिटांत रंग सुकून गळू लागला. म्हणूनच तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी सम्राटाची मुख्य समाधी अजून उघडलेली नाही. तंत्र हाती येईपर्यंत थांबायचे, हा निर्णय मला त्या सगळ्या सैन्यापेक्षा मोठा वाटला.

मातीच्या मूर्तींसाठी शिआनलाच जावे लागते असेही नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर. तेथे सातवाहनकालीन मृण्मूर्ती, मणी, हस्तिदंती बाहुली, काय काय सापडले! गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतातून, पांढरीच्या मातीतून वेचून जमवलेल्या वस्तूंवर तिथले संग्रहालय उभे राहिले. एका माणसाने आपल्या गावाच्या मातीकडे डोळे उघडून पाहिले, म्हणून ते झाले.

शिआनमध्येच महाहंस स्तूप आहे, सुमारे ६४ मीटर उंच, विटांचा. ६५२ मध्ये तो बांधला गेला, ह्युएन त्संगाने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी. हा यात्रेकरू सतरा वर्षे फिरून ६४५ मध्ये परतला, तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. उरलेले आयुष्य त्याने भाषांतरात घालवले. तो आपल्या महाराष्ट्रातही आला होता, चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीच्या काळात. येथल्या लोकांविषयी त्याने जे लिहिले, त्याचा आशय असा, की हे लोक साधे पण मानी आहेत; उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत; सूड घ्यायचा तर आधी शत्रूला सूचना देतात; आणि हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा न करता स्त्रीचा पोशाख देतात. (हशा) हसू नका, हे आपले तेराशे ऐंशी वर्षांपूर्वीचे प्रशस्तिपत्र आहे, आणि ते एका चिनी माणसाने दिलेले आहे! कडेकपारीत खोदलेल्या एका भव्य विहाराचेही वर्णन त्याने केले आहे. ते अजिंठ्याचे असावे, असे अभ्यासक मानतात.

आणि अजिंठ्याच्या नावाने आता मी दुनहुआंगला येतो. आमच्या प्रवासाचे खरे गंतव्य तेच होते. गोबी वाळवंटाच्या कडेला, रेशीम मार्गावरचे हे गाव. इसवी सन ३६६ मध्ये एका भिक्षूने तेथे पहिले लेणे खोदले आणि पुढे हजार वर्षे खोदकाम चालू राहिले. आज ४९२ लेण्यांत चित्रे व मूर्ती आहेत. चित्रांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस मीटर. आकडे ऐकून काही कळत नाही. आत पाऊल टाकल्यावर कळते. खडकावर चिखल आणि तुसाचा गिलावा, वर पांढरा लेप आणि त्यावर खनिज रंग, अजिंठ्याचीच पद्धत. शिबी राजा कबुतरासाठी स्वतःचे मांस देतो, ती कथा आपल्या पहिल्या लेण्यात आहे, तशीच तिथल्या २५४ क्रमांकाच्या लेण्यात. आपले गंधर्व छतावरून तरंगतात, तसे त्यांचेही तरंगतात. फक्त तिकडे त्यांचे वस्त्रांचे पट्टे वाळवंटी वाऱ्यात लांबच लांब उडत राहतात.

अजिंठ्याचे दुसरे पर्व वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातले, पाचव्या शतकातले. सोळावे लेणे त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने कोरविले, असे तिथला शिलालेख सांगतो. हे वाकाटक वत्सगुल्माचे, म्हणजे आजच्या वाशीमचे. वाशीमला सापडलेल्या त्यांच्या ताम्रपटात ‘नांदीकट’ नावाच्या प्रदेशाचा उल्लेख आहे आणि तो आपल्या नांदेडचा उल्लेख मानला जातो. तुम्ही-आम्ही बसलो आहोत ती भूमी ज्यांच्या राज्यात होती, त्यांनी अजिंठा घडविला. आणि तीच चित्रपरंपरा वाळवंट ओलांडून दुनहुआंगला नांदली. आता सांगा, दुनहुआंग परदेश आहे का?

२८५ क्रमांकाच्या लेण्यासाठी वेगळे, महागडे प्रवेशपत्र लागते. आम्ही खिसे चाचपले आणि ते काढले. ५३८-३९ या सालांचे लेख त्यात आहेत. मार्गदर्शक मुलीने विजेरीचा झोत भिंतीवर टाकला. नंदीवर बसलेला त्रिमुख महेश्वर, त्याच्या खालच्या अंगाला कुमार आणि गजमुख विनायक. आमच्यातला एक मित्र, एरवी देवधर्माचे नावही न काढणारा, हळूच म्हणाला, “अरे, बाप्पा इथे!” पुढे कोणी काही बोलले नाही. विजेरीचा झोत दुसरीकडे वळला तरी आम्ही अंधारात तिथेच पाहत उभे होतो.

आता त्या लेण्यांची व्यवस्था ऐका. १९०० मध्ये तेथे भिंतीआड बंद केलेले ग्रंथालय सापडले आणि १९०७ मध्ये ऑरेल स्टाइनने हजारो हस्तलिखिते अल्प मोबदल्यात उचलून नेली. इसवी सन ८६८ चे मुद्रित वज्रसूत्र त्यातलेच. ते आज लंडनमध्ये आहे. ही जखम चिनी लोक विसरले नाहीत. १९४४ मध्ये तेथे संशोधन संस्था निघाली. पॅरिसला शिकलेला छांग शुहोंग नावाचा चित्रकार संसार घेऊन त्या वाळूत राहायला गेला. पुढे १९६३ मध्ये फान चिनशी ही तरुण पुरातत्त्वज्ञ तेथे आली आणि आयुष्यभर तेथेच राहिली. २०१४ पासून प्रेक्षकांना आधी बाहेरच्या केंद्रात चित्रपट दाखवतात, मग बसने नेतात आणि मोजकी लेणी दाखवतात. छायाचित्रणास बंदी. माणसांच्या श्वासाने चित्रे खराब होतात म्हणून संख्या बांधलेली.

अजिंठ्याचे आपण काय केले? रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे बसून केलेल्या प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनला जळाल्या, ग्रिफिथ्सच्या बऱ्याचशा १८८५ मध्ये जळाल्या. निजामाच्या राज्यात इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी गिलावा वाचवला, पण वर लावलेल्या लाखेच्या लेपाने चित्रे पिवळी पडली. त्याच काळात गुलाम याझदानींनी चार खंडांत जे दस्तऐवजीकरण केले, ते मात्र आजही अभ्यासकांचा आधार आहे. आता वाहने चार किलोमीटर अलीकडे थांबवली जातात, हे चांगले झाले.

चिनी लोक सगळेच जपतात असा समज करून घेऊ नका. १९६६ मध्ये लाल रक्षकांनी प्रत्यक्ष कन्फ्यूशियसची समाधी उद्ध्वस्त केली. बीजिंगची जुनी नगरभिंत रस्त्यांसाठी आणि भुयारी रेल्वेसाठी पाडली. लियांग स्सछंग हा वास्तुविशारद जीव तोडून विरोध करीत राहिला, कोणी ऐकले नाही. दहा युआनच्या नोटेवरची ती खिंड, तिच्यात धरणाचे पाणी चढले आणि सुमारे तेरा लाख लोकांना उठवले गेले. जायकवाडीत ज्यांची गावे गेली, त्यांना ही बातमी वाचून काय वाटले असेल? एकपक्षीय राजवटीत विरोध करायलाही जागा नसते. आपल्याकडे ती आहे, याचे मोल मला तेथे जास्त कळले.

दोन स्थळे धावती सांगतो. हांगचौला लिंगयिन मंदिरासमोर एक छोटा डोंगर आहे, त्याचे नाव ‘उडून आलेले शिखर’. चौथ्या शतकात हुइली या नावाने ओळखला जाणारा भारतीय भिक्षू तेथे आला. शिखर पाहून तो म्हणाला, हे तर मगधातले गृध्रकूट, येथे कधी उडून आले? आजूबाजूचे डोंगर वेगळ्या खडकाचे आणि हा चुनखडीचा, त्यामुळे लोकांना ते पटलेही. दुसरे च्वानचौ बंदर. मला तेथे जाणे जमले नाही. तेराव्या शतकात तमिळ व्यापाऱ्यांनी तेथे शिवमंदिर बांधले. १२८१ चा तमिळ शिलालेख आहे. मंदिर राहिले नाही, पण त्याचे खांब शेजारच्या काइयुआन बौद्ध मंदिराने सांभाळले, आणि त्या खांबांवर आजही नरसिंह आणि कृष्ण कोरलेले आहेत.

आता ती वीस रुपयांची नोट परत काढा. वेरूळचे कैलास मंदिर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात कोरले गेले. त्याच सुमारास, ७१३ ते ८०३ अशी नव्वद वर्षे, चीनमध्ये लेशानचा ७१ मीटर उंच बुद्ध नदीकाठच्या कड्यात कोरला जात होता. पावसाचे पाणी मूर्तीत मुरू नये म्हणून केसांच्या आणि वस्त्रांच्या चुण्यांत पन्हळी लपवलेल्या आहेत. आज बाराशे वर्षे झाली, पर्यटक त्याच्या पायाच्या बोटांशी उभे राहून वर पाहतात.

आणि त्याच राष्ट्रकूटांचा किल्ला आपल्या जिल्ह्यात, मन्याडच्या खोऱ्यात, कंधारला आहे. तिसऱ्या कृष्णाच्या काळातला तिथला शिलालेख ‘जगत्तुंग समुद्र’ या तलावाचा आणि क्षेत्रपालाचा उल्लेख करतो. जवळच मानसपुरीत क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे तुकडे सापडले. एकेक पाऊल पाहा, म्हणजे उभी असताना ती केवढी असेल याचा अदमास येतो. दहाव्या शतकात आपल्या नांदेड जिल्ह्यात असा पुरुष उभा होता! लेशानचे नाव मला बाविसाव्या वर्षी ठाऊक होते. कंधारचा क्षेत्रपाल मी पहिल्यांदा पाहिला तो पंचेचाळिसाव्या वर्षी, आणि नांदेडहून तेथे जायला मला जेमतेम दीड तास लागला.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही नांदेडहून कंधारला निघत आहोत. आधी किल्ला, खंदक आणि शिलालेखाचे वाचन, मग मानसपुरी. शाळेतल्या मुलांनी वही आणि मोजपट्टी आणावी, त्या पावलाची लांबी-रुंदी त्यांनीच मोजायची आहे. मुदखेडहून येणाऱ्यांनी नावे आजच बाहेर टेबलावर द्यावीत, म्हणजे गाडीची सोय करता येईल. पाणी आणि शिदोरी घरूनच आणावी.